चिखल वाळायच्या आत

पोरा, संध्याकाळी ही चारचाकी क्वाड बाइक शेडमध्ये लावतोस, त्या अर्ध्या तासाबद्दल आधी बोलू. ऑइल कुठलं, बेल्ट केव्हा बदलायचा, टायरात हवा किती, हे सगळं पुढे सांगतोच. पण आपल्या कर्जत-खालापुरात या गाडीचं आयुष्य ठरतं ते त्या अर्ध्या तासात. खताच्या गोण्या, पेंढ्याचे भारे, आंब्याच्या पेट्या दिवसभर ओढून ती बिघडत नाही, त्याच कामासाठी ती बनवलेली आहे. अंगावर चिखल घेऊन रात्रभर आणि मग आठवडाभर तशीच उभी राहिली, की तिचे सांधे जातात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, माथेरानच्या डोंगरावर त्याहून जास्त. चिखलणी झालेल्या खाचरातली माती एक्सलवर, ब्रेक पॅडच्या मागं, रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. ओली असताना ती पाण्याबरोबर निघून जाते, वाळली की खरवडावी लागते. आणि खरवडताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक सीलच्या कडेला लागलं, की पाणी आत जायची वाट झाली म्हणून समज.

धुवायला साधा पाइप आणि नरम ब्रश पुरे. इंजिन तापलेलं असेल तर थोडं निवू दे. गाड्या धुवायच्या सेंटरवरचं प्रेशरचं मशीन लोकांना फार आवडतं, चिखल पटापट उडतो म्हणून. तेच पाणी जोरानं चाकाच्या बेअरिंगमध्ये, वायरींच्या कप्लरमध्ये, एअर फिल्टरच्या डब्यात शिरतं. बाहेरून गाडी चकाचक आणि आत ग्रीसच्या जागी पाणी. रेडिएटरला पाणी मागच्या बाजूनं दे, म्हणजे चिखल ज्या वाटेनं आत आला त्याच वाटेनं बाहेर पडेल. त्याच्या पात्या बोटानं दाबल्या तरी वाकतात, तिथं ब्रश घासू नकोस. धुऊन झालं की गाडी चालू करून शेडभोवती एक फेरी मार आणि तीन-चार वेळा ब्रेक दाब, म्हणजे पॅड वाळतील. जिथं ग्रीस निपल असतील तिथं ग्रीसगन लावून आतलं मळकं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भर. हे धुतल्यानंतरच करायचं, आधी नाही.

मग टॉर्च घे आणि खाली वाक. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला एक्सलवर घड्याघड्यांचा काळा रबरी बूट असतो. त्याच्या आत सीव्ही जॉइंट आणि जॉइंटभर ग्रीस. हँडल एका बाजूला पूर्ण वळव, म्हणजे पुढच्या बुटाच्या घड्या उघडतील. भेग घडीच्या तळाशी सुरू होते, वरवर पाहून कळत नाही. रिमच्या आतल्या बाजूला किंवा ए-आर्मवर ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटला आहे. त्या दिवशी गाडी थांबव. बूट बदलला, जॉइंट साफ करून नवं ग्रीस भरलं, तर थोडक्यात भागतं. तसंच आणखी चार दिवस खाचरात फिरवलीस तर आत वाळू जाते, वळताना टकटक आवाज येऊ लागतो, आणि मग अख्खा एक्सल घ्यावा लागतो. आपल्याकडे बूट फाटतात ते जास्त करून तोडलेल्या कारवीच्या आणि बांबूच्या खुंटांनी. डोंगराकडेच्या वाटेनं जायचं असेल तर पावसाळ्याआधी एकदा कोयता घेऊन ते खुंट जमिनीलगत तासून ये.

एक्सलला गुंडाळलेली दोरी, हा सुगीनंतरचा रोग. पेंढ्याच्या भाऱ्यांची निळी नायलॉनची दोरी चाकाखाली येते आणि एक्सलभोवती आवळत जाते. ती सीलवर घासते, उष्णतेनं वितळते आणि सील कापते. हात घालून चाचपून बघ, डोळ्यांना ती चिखलाखाली दिसत नाही.

आता पाण्याचं. पेज नदी उन्हाळ्यातही वाहते ती भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. ते वीजघर १९२२ पासून चालू आहे. खोपोलीचं त्याहून जुनं, १९१५ चं, त्याचं पाणी पाताळगंगेला मिळतं. वीज जशी तयार होते तसं पाणी सुटतं, आणि नदीची पातळी त्यावर हलते. सकाळी ज्या उतारावरून गेलास तिथं दुपारी तेवढंच पाणी असेल असं धरून चालू नकोस. उतरून काठीनं खोली बघ. पायठेवणीच्या वर पाणी जात असेल तर परत फिर. पावसाळ्यात उल्हास नदीच्या गढूळ पाण्यात तर तळ दिसतच नाही. तिथं चाक घालूच नये.

पाण्यातून जाऊन आलास आणि गाडी ॲक्सिलरेटर दाबूनही पुढं ओढत नाही, नुसता आवाज करते, तर बेल्ट ओला झाला आहे. घाबरू नकोस आणि जोरही करू नकोस. मध्यम आकाराच्या क्वाडमध्ये गिअर बदलण्याऐवजी दोन पुली आणि त्यांच्यावर एक रबरी बेल्ट असतो. पुलीच्या थाळ्या जवळ-लांब होतात तशी गती बदलते. ओला बेल्ट थाळीवर घसरतो. कव्हरच्या खाली पाणी काढायचा प्लग असतो, तो उघड. न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती थोडी थोडी चढव, म्हणजे पुली फिरून पाणी उडून जाईल. मग लो रेंजमध्ये हळू चालवून बघ.

बेल्टची बाकीची दुखणी चालवणाऱ्याच्या हातातली असतात. ट्रेलर जोडला, चढ आला, चिखल खोल आहे, रिव्हर्स घ्यायचा आहे, तर लो रेंजच. पोरं दिवसभर हायवर ठेवतात आणि चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबत बसतात. चाक हलत नाही, एक पुली मात्र फिरत राहते, आणि बेल्ट एकाच जागी घासून तिथं बारीक होतो. नंतर सपाट रस्त्यावरही गाडी धक्के देत चालते. रुतली तर उतर, चाकाखाली फळी किंवा भाताचा पेंढा टाक, ओझं काढ, मग प्रयत्न कर. जळक्या रबराचा वास आला की त्याच क्षणी थांब. कव्हर उघडून बेल्ट पाहायचा झाला तर त्याची बाजू चकाकते आहे का, धागे सुटलेत का, दाते उडालेत का, हे बघ. काढण्याआधी फिरायच्या दिशेची खूण खडूनं कर, उलटा बसवलेला बेल्ट लवकर जातो. थाळ्यांवर तेलाचा हात लागू देऊ नकोस. नवा बेल्ट घातला की पहिले पन्नासेक किलोमीटर ओझं ओढायला लावू नकोस, त्याला बसू दे.

पाण्याची दुसरी चोरवाट फार कमी लोकांना ठाऊक असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिनाखेरीज गिअरबॉक्स असतो, पुढच्या चाकांचा गिअरकेस असतो, काही गाड्यांत मागचाही. प्रत्येकातून एक बारीक रबरी नळी वर गेलेली असते, श्वास घ्यायची नळी. काम करून गिअरकेस तापतो. तसा तापलेला तू ओढ्यात उतरवलास की आतली हवा एकदम गार होऊन आकसते आणि बाहेरून ओढून घेते. नळीचं तोंड उंच असेल तर हवा जाते. नळी निसटून खाली लोंबत असेल तर तिच्यातूनच पाणी आत जातं, आणि तिच्या तोंडात चिखल किंवा कुंभारीण माशीचं घर असेल तर ते सीलच्या फटीतून जातं. म्हणून महिन्यातून एकदा या नळ्या कुठून कुठं गेल्यात ते बोटानं चाचपून बघ आणि तोंड मोकळं आहे याची खात्री कर. ओढ्यातून फिरणं झालं असेल तर ऑइल तपास. गिअरकेसच्या प्लगमधून किंवा डिपस्टिकवर आलेलं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. ते काढ, नवीन घाल, थोडं चालव आणि पुन्हा काढून बघ. एका वेळेत सगळं पाणी निघत नाही. गिअरकेसमध्ये काय घालायचं ते कंपनीच्या पुस्तकात पाहूनच घाल. गरजेप्रमाणे पुढची चाकं आपोआप जोडणाऱ्या काही गाड्यांना खास ऑइल लागतं. ट्रॅक्टरचं उरलेलं ओतलं तर पुढची चाकं ऐनवेळी जोडलीच जात नाहीत, आणि ती ऐनवेळ नेमकी चढावरच येते.

आणि इंजिनच बुडालं, बंद पडलं, तर स्टार्टरला हात लावू नकोस. हे लक्षात ठेव, बाकी विसरलास तरी चालेल. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दबत नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. न्यूट्रलमध्ये टाकून दोरीनं बाहेर ओढ, एअर फिल्टरचा डबा उघडून पाणी काढ, स्पार्क प्लग काढून ठेव आणि मेकॅनिकला बोलाव. त्याच दिवशी बोलाव, कारण आत राहिलेलं पाणी रात्रीतून गंज धरतं.

पावसाचे चार महिने पाण्याचे, बाकीचे धुळीचे. एअर फिल्टर ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर आठवड्याला उघडून बघ. राब भाजायच्या दिवसांत राख उडते, ती धुळीहून बारीक असते आणि फिल्टरमध्ये चटकन बसते. बाहेरचा फोम असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फोम फिल्टरचं तेल लावून घाल. आतला कागदी फिल्टर धुवायचा नाही आणि पेट्रोलनं तर कधीच नाही, तो बदलायचा. डब्याच्या तळाशी धूळ दिसली तर झाकणाचं रबर नीट बसलेलं नाही. फिल्टर नवा आणि रबर फाटकं असेल तर सगळी मेहनत वाया.

फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरावरचं गवत वाळलं की आणखी एक काम वाढतं, आणि त्यात टाळाटाळ करू नकोस. वाळलेलं गवत आणि पेंढा गाडीच्या खालच्या पत्र्यावर, सायलेन्सरभोवती जाऊन बसतो. सायलेन्सर तापला की ते गवत पेटतं. गाडी तर जातेच, पण सोसाट्याचा वारा असेल तर वणवा थेट कोणाच्या वाडीपर्यंत जाईल सांगता येत नाही. उंच गवतातून गेलास की थांबून खालचं गवत उपसून काढ. तापलेली गाडी वाळल्या गवतात उभी करू नकोस. पाण्याचा छोटा कॅन कॅरिअरला बांधून ठेव.

टायरात हवा. क्वाडच्या टायरात साधारण पाच ते सात-आठ पीएसआय हवा असते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. कशेळेपासून चौकपर्यंत कुठल्याही पंक्चरवाल्याकडे गेलास तर तो मोटरसायकलच्या अंदाजानं पंचवीस-तीस भरून देतो. टायर टणक होतं, गाडी दगडावरून उसळते, आणि उसळलेली क्वाड वळणावर उलटते. पंक्चरवाल्याच्या मीटरवर दहाच्या खालचं नीट कळतही नाही. कमी दाबाचा वेगळा मीटर मिळतो, तो आणि पायानं मारायचा पंप स्वतःजवळ ठेव. करवंदीचा काटा बारीक भोक पाडतो, दोन दिवसांनी टायर बसलेलं दिसतं. पंक्चरचं स्ट्रिप किट वापरायला शिकून घे.

ओझ्याचंही स्टिकर असतं. पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० घे, तिच्या पुढच्या कॅरिअरला साधारण चाळीस किलो आणि मागच्याला साधारण ऐंशी किलो चालतं. युरियाची एक गोणी ४५ किलोची. म्हणजे पुढं एक गोणीही जास्त होते. पुढं जड झालं की हँडल जड होतं, टायरॉडचे एंड आणि बॉल जॉइंट लवकर ढिले पडतात. ते बघायची रीत सोपी आहे. जॅक लावून चाक उचल. वर-खाली धरून हलव, खटखटलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलव, खटखटलं तर टायरॉड. दर महिन्याला पाच मिनिटांचं काम आहे.

चालवण्याचं थोडंच सांगतो, कारण उलटलेली गाडी दुरुस्त करता येते, तिच्याखाली सापडलेला माणूस नाही. खाचराच्या बांधावर आडवी घालू नकोस, बांध खचतो. उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली. काम करणाऱ्या क्वाडची सीट लांब असली तरी बहुतेक गाड्या एकाच माणसासाठी असतात, पाहुण्यांच्या मुलांना मागं बसवू नकोस, कितीही आग्रह झाला तरी. अमेरिकेत तीनचाकी गाड्या इतक्या उलटत होत्या की १९८८ मध्ये त्यांची विक्री थांबवली गेली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून शेतावरच्या नव्या क्वाडला मागच्या बाजूला संरक्षक कमान असल्याशिवाय विकता येत नाही, कारण गाडीखाली चिरडून तिथले शेतकरी मरत होते. अशी कमान चांगल्या फॅब्रिकेटरकडून बसवता येते, पण कंपनीच्या चेसिसला छिद्रं न पाडता. हेल्मेट तर आहेच.

बहुतेक क्वाडना सार्वजनिक रस्त्यावर परवानगी नसते. स्पोर्ट्समन ५७० सारखी ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित झालेली गाडी वेगळी. तुझ्या गाडीची कागदपत्रं नीट वाच, एका शेतातून दुसऱ्या शेतात जायला डांबरी रस्ता ओलांडायचा असला तरी. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारगाडी जात नाही, क्वाडही नाही. आणि वनखात्याच्या हद्दीत, विशेषतः खांडसकडे भीमाशंकरच्या अभयारण्यालगत, वाट दिसली म्हणून घालायची नाही.

पेट्रोल पावसाळ्यासाठी कॅनमध्ये भरून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. जास्त झालं की पाण्यासह इथेनॉल तळाला वेगळं होतं, आणि पंप तळातूनच ओढतो. म्हणून लागेल तेवढंच आण. गाडी महिनाभर वापरायची नसेल तर टाकी काठोकाठ भरून ठेव, रिकाम्या जागेतच दमट हवा जाते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ आणि टर्मिनलवर व्हॅसलीन लाव. शक्य असेल तर छोटा चार्जर जोडून ठेव.

आणि उंदीर. भात कापून झालं की शेतातले उंदीर शेडकडे वळतात. एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात, वायरींचं आवरण कुरतडतात. हवा घ्यायच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बसव, शेडमध्ये धान्य आणि पेंढा गाडीपासून लांब ठेव. खूप दिवसांनी गाडी चालू करण्याआधी डबा उघडून बघितलाच पाहिजे.

ऑइलचं थोडक्यात. पहिलं ऑइल साधारण २५ तासांनी बदल, मीटरवर तास दिसतात. पुढची मुदत कंपनीच्या पुस्तकात असते, आणि चिखल-पाण्यातल्या वापराला ती निम्मी करावी असंही त्यातच लिहिलेलं असतं. आपला वापर तोच आहे. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदल, ते दमट हवेतून पाणी पितं.

सुट्या भागांबाबत माझं मत स्पष्ट आहे. बेअरिंग, ऑइल सील, प्लग, बॅटरी, होज पाइप हे नंबर आणि माप जुळवून बाहेरचं घ्यायला हरकत नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, सीलवर माप. खोपोलीत मिळालं नाही तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. बेल्ट, एअर फिल्टर, बॉल जॉइंट आणि ब्रेक पॅड मात्र कंपनीचेच. स्वस्त बेल्ट ऐन चढावर तुटतो आणि तुटताना कव्हरही फोडतो. जुना भाग टाकून देऊ नकोस, नवा आणताना माप जुळवायला तोच उपयोगी पडतो. एका वहीत तास, तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेव. तुझ्यानंतर गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला ती वही लागेल.

हे भाग मागवायला मात्र पावसाची वाट पाहू नकोस. जूनमध्ये सगळ्यांच्याच गाड्या एकदम उघडल्या जातात, आणि कुरिअर पुराच्या दिवसांत अडकतं. एक बेल्ट, एक कागदी फिल्टर, दोन बूट क्लिपांसह, गिअरकेसचं ऑइल आणि एक स्पार्क प्लग, एवढं १५ मेच्या आत घरात आलेलं असू दे.